सरकलं कोण? स्टीव्ही रे वॉन, ब्लूज आणि रॉकचा श्रोता

मागच्या लेखात विषय आणि प्रश्न यांतला फरक सांगितला होता. "मला लोकप्रिय संगीतावर काम करायचंय" हा विषय झाला, प्रश्न नाही, वगैरे. वाचून तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल, बोलायला काय जातं! खरंय. म्हणून आज माझ्याच सिनॉप्सिसची फजिती सांगते. त्यासाठी तुम्हाला एका गिटारवाल्याची ओळख करून घ्यावी लागेल. ब्लूज कधी ऐकलेलं नसेल तरी अडत नाही, पण लेख संपल्यावर दोन गाणी ऐकावी लागतील. कुठली, ते शेवटी.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी जो कच्चा सिनॉप्सिस लिहिला होता, त्यात एक वाक्य असं होतं: "स्टीव्ही रे वॉन याने ऐंशीच्या दशकात ब्लूजच्या मर्यादित वर्तुळातून बाहेर पडून व्यापक रॉक श्रोतृवर्गाकडे वाटचाल केली." मला ते वाक्य फार आवडलं होतं. भारदस्त वाटायचं. मॅडमनी 'वाटचाल केली' या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली आणि विचारलं, "कोण चाललं गं? हा चालला, की लोक त्याच्याकडे चालत आले?"

मी म्हटलं, "मॅडम, एकच ना ते." त्या म्हणाल्या, "एकच असेल तर दाखव."

ते दाखवता आलं नाही. पुढचे सात-आठ महिने त्यातच गेले, आणि आज जे सांगतेय ते त्या महिन्यांतलं.

आधी प्रचलित गोष्ट. १९५४ साली डॅलसमध्ये जन्मलेला मुलगा. मोठा भाऊ जिमी गिटार वाजवतो, त्याचं बघून हाही वाजवायला लागतो. शाळा अर्धवट सोडून सतराव्या वर्षी ऑस्टिनला जातो, बारमध्ये वाजवत दहा वर्षं काढतो. मग १९८२ साली स्वित्झर्लंडमधल्या माँट्रो जॅझ महोत्सवात डेव्हिड बोवीच्या नजरेत भरतो, बोवीच्या 'लेट्स डान्स'वर वाजवतो, आणि १९८३ मध्ये पहिला अल्बम 'टेक्सास फ्लड' येतो. त्यानंतर जिमी हेंड्रिक्सचं गाणं, कीबोर्ड, मोठी स्टेडियमं, रॉक रेडिओ. १९९० मध्ये हेलिकॉप्टर अपघातात मृत्यू, वय ३५. या गोष्टीला सरळ चढता जिना आहे: खाली ब्लूजचा बार, वर रॉकचं स्टेडियम. मी तो जिना उचलून सिनॉप्सिसमध्ये ठेवला होता. आता एकेक पायरी तपासू.

माँट्रोची रात्र, १७ जुलै १९८२. स्टीव्हीच्या 'डबल ट्रबल' या त्रिकुटाकडे तेव्हा रेकॉर्डचा करार नव्हता. संध्याकाळ बव्हंशी शांत, अकूस्टिक ब्लूजची. त्यात हे तिघे मोठ्या आवाजाचे अ‍ॅम्प्लिफायर लावून उभे राहिले आणि लोकांनी हुर्यो उडवली. हे ऐकीव नाही. त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग पुढे प्रकाशित झालं आणि त्यात 'बू' स्वच्छ ऐकू येतं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आनंदच झाला, कारण माझ्या वाक्याला पुरावा मिळाला असं वाटलं. ब्लूजच्या जाणकारांनी नाकारला, म्हणून तो रॉककडे गेला. झालं प्रकरण.

पण पुरावा हाताशी आला की तो पुन्हा एकदा ऐकायचा असतो. दुसऱ्यांदा ऐकताना 'बू'सोबत टाळ्याही ऐकू आल्या, बऱ्यापैकी. म्हणजे 'श्रोत्यांनी नाकारलं' हे वाक्य बाद; काही श्रोत्यांनी नाकारलं, इतकंच म्हणता येतं. त्याहून मोठा धक्का पुढे होता. त्याच रात्रीचं स्टीव्हीचं 'टेक्सास फ्लड' हे गाणं 'ब्लूज एक्स्प्लोजन' नावाच्या संकलनात आलं, आणि त्या संकलनाला १९८५ च्या सोहळ्यात ग्रॅमी मिळालं. कुठल्या गटात? पारंपरिक ब्लूज!

जरा थांबा इथे. तेच हात, तीच गिटार, तीच रात्र. सभागृहातल्या काहींना ते ब्लूज म्हणून खपलं नाही, आणि पुरस्कार देणाऱ्यांना ते इतकं ब्लूज वाटलं की 'पारंपरिक' हा शिक्का बसला. सुरांमध्ये एका श्रुतीचाही फरक पडलेला नाही. फरक पडला तो ऐकणारे कोण, कुठे बसून ऐकतात आणि त्यांच्यापुढे कुठला रकाना छापून ठेवलाय, यात. संशोधनात 'प्रकार' या शब्दाला आपण फार निरागसपणे हाताळतो. ब्लूज, रॉक, पॉप ही जणू फळांची नावं, आंबा म्हणजे आंबाच. प्रत्यक्षात हे रकाने कोणीतरी आखलेले असतात: रेकॉर्ड कंपनी, रेडिओ केंद्र, पुरस्कार समिती, दुकानातला फळीवर लेबल चिकटवणारा माणूस. कलाकार एका रकान्यातून दुसऱ्यात 'गेला' असं लिहिण्याआधी रकाना कोणी आखला होता ते बघायला हवं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

आता क्रम. समीक्षेत आपण तारखांना कमी लेखतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर तारखा म्हणजे परीक्षेपुरत्या असतात (मीही त्यातलीच). पण माझं वाक्य शेवटी तारखांनीच मोडलं.

माँट्रोतच जॅक्सन ब्राउन या गायकाने या त्रिकुटाला ऐकलं आणि लॉस एंजेलिसमधला आपला स्टुडिओ ७२ तास फुकट देऊ केला. नोव्हेंबर १९८२, थँक्सगिव्हिंगची सुट्टी. तिथे जाऊन यांनी बारमध्ये रोज जे वाजवत होते तेच वाजवलं. अल्बम करायचा म्हणूनही नव्हे. डेमो टेप म्हणून. ती टेप जॉन हॅमंड यांच्यापर्यंत पोहोचली. बिली हॉलिडे, बॉब डिलन अशा नावांमागे ज्यांचा हात होता तेच हे हॅमंड. त्यांच्यामार्फत एपिक कंपनीशी करार झाला आणि जून १९८३ मध्ये तीच टेप 'टेक्सास फ्लड' म्हणून बाजारात आली. दरम्यान बोवीने बोलावलं, न्यूयॉर्कला 'लेट्स डान्स'चं रेकॉर्डिंग झालं आणि एप्रिल १९८३ मध्ये तो अल्बम जगभर गाजला.

नीट बघा. ज्या अल्बममुळे रॉकच्या श्रोत्याला स्टीव्ही माहीत झाला, त्या अल्बमचा आवाज नोव्हेंबर १९८२ मध्येच टेपवर बंद झाला होता, बोवीच्या अल्बमवर वाजवण्याच्याही आधी. तो कुठल्या 'व्यापक श्रोत्या'साठी घडवलेला असणं शक्यच नाही. श्रोता नंतर आला. 'टेक्सास फ्लड' बिलबोर्डच्या यादीत ३८ व्या स्थानापर्यंत गेला, 'प्राइड अँड जॉय' रॉक रेडिओवर वाजू लागलं, 'गिटार प्लेअर' मासिकाच्या वाचकांनी त्याला त्या वर्षीचा नवोदित वादक म्हणूनही निवडलं आणि ब्लूज गिटारिस्ट म्हणूनही.

बरं, 'प्राइड अँड जॉय' ऐकायला काय आहे? बारा बारचं आवर्तन, टेक्सासचा शफल ठेका, बस्स. एकाच गिटारवर खालच्या तारांतून बासची चाल आणि वरच्या तारांवर उलट्या फटक्याचा ठेका, दोन्ही एकदम. हे करायला मनगट लोखंडाचं लागतं, पण रचना म्हणून ती जुन्या ब्लूजची अगदी साधी रचना आहे. १९८३ च्या रॉक रेडिओवर सिंथेसायझर आणि ड्रम मशीनचा सुकाळ होता. त्यात हे गाणं परकं वाटलं असणार आणि त्या परकेपणामुळेच ते ऐकलं गेलं, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, अंदाज म्हणूनच घ्या. प्रबंधात टाकायचा तर त्या वर्षीच्या रेडिओच्या याद्या घेऊन बसावं लागेल.

बोवीचा मुद्दा राहिला. 'लेट्स डान्स'वर स्टीव्ही बहुतेक गाण्यांत वाजवतो. शीर्षकगीतातला सोलो ऐकताना अल्बर्ट किंग या थोर ब्लूज वादकाचा ठसा लपत नाही: मोजके सूर, प्रत्येक सूर ताणून ठेवलेला, मध्ये भरपूर मोकळी जागा. नाइल रॉजर्सने निर्मिलेल्या चकचकीत नाचाच्या गाण्यात मिसिसिपीतून आलेली शैली. त्यानंतर बोवीच्या जगभराच्या दौऱ्यात स्टीव्ही गिटार वाजवणार होता. तालीमही झाली. निघायच्या तोंडावर तो बाहेर पडला. का, याच्या कहाण्या अनेक: मानधन, स्वतःच्या बँडला दौऱ्यात जागा, मुलाखती देण्यावरची बंधनं. यातली कुठली खरी यावर डोकं फोडू नका, तुमच्या प्रश्नाला ती नको आहे. तुमच्या प्रश्नाला एवढंच पुरेसं आहे की त्या वर्षीचा सगळ्यात मोठा रॉक श्रोतृवर्ग त्याच्यापुढे ताटात वाढून ठेवला होता आणि तो ताटावरून उठला. 'रॉककडे वाटचाल' करणारा माणूस असं करत नाही.

इथपर्यंत आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. हेही तुम्हाला होणार, सावध राहा. मी मॅडमना सांगितलं की स्टीव्ही अजिबात बदललाच नाही, बदलले ते श्रोते. मॅडम फक्त म्हणाल्या, "पुढचे अल्बम ऐकलेस?"

ऐकले होते, पण सोयीपुरते.

१९८४ चा 'कुडन्ट स्टँड द वेदर' घ्या. शीर्षकगीत फंककडे झुकलेलं, आणि पुढे आठ मिनिटांचं 'व्हूडू चाइल्ड', हेंड्रिक्सचं. आता हा बदल आहे की नाही? आहेच. १९८५ च्या 'सोल टू सोल'मध्ये त्रिकुटाचं चौकडं झालं, रीस वायनन्स कीबोर्डवर आला, सॅक्सोफोन आला, आवाज भरला. म्हणजे स्टीव्ही सरकला. पण यादीत काय झालं? ३८, मग ३१, मग ३४, मग १९८९ च्या 'इन स्टेप'ला ३३. चार अल्बम, सहा वर्षं, आणि आकडा तिशीच्या आतबाहेरसुद्धा होत नाही. संगीत सरकत होतं तेव्हा श्रोता जागच्या जागी होता. श्रोता आला तेव्हा संगीत जागच्या जागी होतं. माझ्या वाक्यात या दोन गोष्टी एकाच क्रियापदात कोंबल्या होत्या.

(आकड्यांबद्दल एक सूचना. यादीतलं सर्वोच्च स्थान ही फार ओबडधोबड मोजपट्टी आहे. अल्बम किती आठवडे टिकला, कोणी विकत घेतला, जत्थ्याने घेतला की सावकाश, यातलं काही त्यातून कळत नाही. मी इथे ती फक्त एवढ्यासाठी वापरतेय की 'रॉककडे वळल्यामुळे मोठी उडी मिळाली' हा दावा असेल तर ती उडी कुठेतरी दिसायला हवी. इथे तरी दिसत नाही.)

आणि त्या १९८४ सालाची गंमत बघा. ज्या वर्षी तो हेंड्रिक्स वाजवतो, त्याच वर्षी ब्लूजच्या आपल्या घरातले डब्ल्यू. सी. हँडी पुरस्कार त्याला मिळतात, वर्षातला कलावंत म्हणून आणि वादक म्हणून. गोऱ्या कलाकाराला ते पहिल्यांदाच मिळत होते. म्हणजे तो ब्लूजचं घर सोडून चाललाय असं आपण म्हणतोय तेव्हाच घरातले त्याला पाटावर बसवून ओवाळतायत.

आता जरा समीक्षा करू, कारण नुसत्या तारखांवर समीक्षा उभी राहत नाही. 'व्हूडू चाइल्ड' हे त्याच्या रॉककडे झुकण्याचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणून दाखवलं जातं. वादन थरारक आहे, शंकाच नाही. पण मला विचाराल तर त्या अल्बममधलं ते सर्वांत कमी धाडसी गाणं आहे. मूळच्या इतक्या जवळून जातं की ऐकणाऱ्याला हेंड्रिक्स आठवत राहतो आणि वाजवणारा मागे पडतो. त्याच अल्बमवर 'टिन पॅन अ‍ॅली' नावाचं नऊ मिनिटांचं संथ ब्लूज आहे. आवाज इतका खाली की ड्रमवरचा काठीचा स्पर्श ऐकू येतो. गाण्यात रात्र आहे, धोका आहे, आणि गिटार पावलं न वाजवता चालते. मोठ्या आवाजाबद्दल ज्याची हुर्यो झाली होती तो माणूस दोन वर्षांनी नऊ मिनिटं कुजबुजतो. मला विचाराल तर याच गाण्यात तो सगळ्यात पुढे गेलाय, आणि ते तर शुद्ध ब्लूज आहे! १९८५ मध्ये तो माँट्रोला परत गेला तेव्हा हेच गाणं त्याने टेक्सासच्याच जॉनी कोपलंड या ज्येष्ठ ब्लूज वादकाला सोबत घेऊन सादर केलं. या वेळी हुर्यो नाही.

'सोल टू सोल' मला थकलेला वाटतो. व्यसनं तेव्हा शिगेला होती आणि ते अल्बममध्ये ऐकू येतं असं लिहायचा मोह होतो. तो मोह टाळा. माहीत असलेलं चरित्र आपण सुरांत घालून ऐकतो आणि मग सुरांतून चरित्र सापडलं म्हणून खूश होतो. मी एवढंच म्हणेन की त्यात रचना कमी आणि रंगसफेदी जास्त आहे. १९८६ मध्ये युरोपच्या दौऱ्यात तो कोसळला, उपचार घेतले, दारू आणि कोकेन दोन्ही सुटलं. त्यानंतरचा 'इन स्टेप' मात्र वेगळी गोष्ट आहे. 'वॉल ऑफ डिनायल' आणि 'टाइटरोप' ही गाणी त्याने डॉयल ब्रॅमहॉलसोबत लिहिली. व्यसनमुक्तीवर आहेत, आणि पहिल्यांदाच असं वाटतं की गाण्यातले शब्द हे दोन सोलोंमधली भरती नाहीत. त्याच अल्बममधलं 'क्रॉसफायर' रॉक रेडिओच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. जिन्याच्या गोष्टीला हवी ती वरची पायरी अखेर मिळाली म्हणा. पण गाणं ऐका: बासची घट्ट चाल, ऑर्गन, हॉर्न. कान मेम्फिसच्या सोल संगीताकडे जातात, रॉकच्या गिटारकडे नाही. शिवाय गीतलेखनात स्टीव्हीचं नावच नाही. आणि या अख्ख्या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते समकालीन ब्लूज या गटात. रकान्यांची फजिती चालूच.

शेवटचा आकडा फसवा आहे, तेवढा सांगून पुढे जाते. भाऊ जिमीबरोबरचा 'फॅमिली स्टाइल' १९९० मध्ये सातव्या स्थानापर्यंत गेला. निर्माता पुन्हा नाइल रॉजर्स, घाट बऱ्यापैकी पॉपचा. म्हणजे अखेर पॉपकडे वळल्यावर श्रोता वाढला, असं म्हणायचं का? तो अल्बम बाजारात आला सप्टेंबरच्या शेवटी. स्टीव्ही गेला होता २७ ऑगस्टला. दोन कारणं एकात एक अडकली की कुठल्यामुळे काय झालं हे त्या एका आकड्यावरून सांगता येत नाही. संख्याशास्त्रवाले मित्र याला वेगळं नाव देतात. आपण साध्या भाषेत म्हणू की हा आकडा साक्षीदार म्हणून उभा करू नका.

आता ज्या गोष्टीमुळे हा सगळा खटाटोप मला महत्त्वाचा वाटतो, तिकडे येते. नाहीतर एखाद्या गिटारवाल्याचं क्रियापद बदलल्याने कोणाचं काय बिघडतंय?

'टेक्सास फ्लड' हे गाणं स्टीव्हीचं नाही. १९५८ मध्ये लॅरी डेव्हिस या कृष्णवर्णीय गायकाने ह्यूस्टनच्या ड्यूक कंपनीसाठी ते गायलं, गिटार होती फेंटन रॉबिन्सनची. ते मी ऐकलं तेव्हा खरं तर गप्प झाले. स्टीव्हीच्या सुरुवातीच्या जागा मी 'त्याच्या' म्हणून ऐकत आले होते, त्यांची मुळं इथे सरळ दिसतात. फरक प्रमाणाचा आहे. डेव्हिसकडे गाणं गळ्याचं आहे आणि गिटार त्याला उत्तर देते. स्टीव्हीकडे गिटारला पाच मिनिटं मिळतात आणि गळा तिच्या मधल्या जागेत बसतो. त्याच्यातलं 'रॉक' कुठे आहे असं कोणी विचारलं तर मी या प्रमाणाकडे बोट दाखवेन. आणि ते पहिल्या दिवसापासून आहे. लहानपणी पहिली रेकॉर्ड विकत घेतली ती लॉनी मॅकची, हेंड्रिक्स पोटात मुरलेला, आणि त्याच्या त्रिकुटातला बासवाला टॉमी शॅनन १९६९ च्या वुडस्टॉकला जॉनी विंटरबरोबर वाजवून आलेला. टेक्सासच्या बारमध्ये ब्लूज आणि रॉक अशा दोन फळ्या नव्हत्याच.

तर लॅरी डेव्हिस. तो काही इतिहासजमा झालेला नव्हता. १९८२ मध्ये, म्हणजे माँट्रोच्याच वर्षी, त्याचा 'फनी स्टफ' हा अल्बम एका छोट्या ब्लूज कंपनीकडून आला होता. माणूस हयात, गळा शाबूत, गाणं त्याचं. रॉकचा श्रोता त्याच्याकडे त्या लोंढ्याने आला नाही. 'स्टीव्हीने व्यापक श्रोत्याकडे वाटचाल केली' असं लिहिलं की आपण नकळत सुचवतो की डेव्हिसने ती केली नाही. जणू डेव्हिस आळशी होता, किंवा त्याच्यात तेवढी धमक नव्हती. क्रियापदाने सगळं श्रेय आणि सगळा दोष कलाकाराच्या पायांवर टाकला. रस्ता कोणासाठी बांधला होता आणि कोणासाठी नाही, हा प्रश्न त्या वाक्यात मावतच नाही.

लगेच 'गोरा म्हणून मिळालं' असं लिहून मोकळं होऊ नका. मी तेही लिहून पाहिलं. मग अल्बर्ट किंग आडवा आला. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोरमध्ये रॉकच्याच श्रोत्यांपुढे अल्बर्ट किंग वाजवत होता आणि त्याचा तिथला थेट अल्बमही निघाला. बडी गायचंही बघा. 'टेक्सास फ्लड'वर त्याचं 'मेरी हॅड अ लिटल लॅम' आहे, आणि स्टीव्हीच्या शेवटच्या रात्री तो त्याच मंचावर होता. हाच बडी गाय २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलला वाजवून गेला. म्हणजे रस्ता काहींना कधी कधी मिळत होता. कोणाला, कोणत्या साली, कोणाच्या हाताने आणि कोणत्या अटींवर, हे प्रत्येक वेळी वेगळं शोधावं लागतं. वंशाचा मुद्दा खराच आहे आणि मोठा आहे, पण तो एका वाक्यात उरकला की तोही माझ्या पहिल्या वाक्याइतकाच आळशी होतो.

मी मग काय केलं ते सांगते, कारण पेट देऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांना तेच हवं असतं. कर्ता बदलून बघितला. 'स्टीव्हीने वाटचाल केली' याऐवजी प्रत्येक टप्प्याला वेगळा कर्ता लिहिला: ब्राउनने स्टुडिओ दिला, हॅमंडने टेप ऐकली, एपिकने अमुक महिन्यात प्रकाशित केलं, रेडिओने वाजवलं, मासिकाच्या वाचकांनी मत दिलं, पुरस्कार समितीने रकाना ठरवला. आणि त्यांच्यामध्ये, जिथे खरोखर त्याने काही केलं तिथे, त्याचं नाव: बोवीचा दौरा सोडला, कीबोर्डवाला घेतला, दारू सोडली, 'टिन पॅन अ‍ॅली' हळू वाजवलं. दोन पानं भरली. पहिलं वाक्य एका ओळीचं होतं आणि त्यात यातलं काहीच नव्हतं.

मॅडमनी ती पानं वाचली, रेघ कुठेच मारली नाही, फक्त समासात लिहिलं: "डेव्हिसची पानं कुठे आहेत?" डेव्हिससाठी अशीच यादी करायला घेतली आहे. स्टीव्हीवर शेल्फभर पुस्तकं आहेत, त्यामुळे त्याची दोन पानं आठवड्यात झाली. डेव्हिसची अजून अर्ध्या पानावर आहे.

तर आता ती दोन गाणी. 'टेक्सास फ्लड', दोन्ही. आधी लॅरी डेव्हिस १९५८, मग स्टीव्ही रे वॉन १९८३. हेडफोन लावून, मध्ये दुसरं काही न ऐकता. क्रम उलटा करू नका.